भेकराचं पाडस आणि आमच्या सासूबाई

आमच्या सासूबाईंना, धोंडीबाईंना, कुणी तोंडावर प्रेमळ म्हटलं असतं तर त्यांनी त्या माणसाला दारातून हाकलून दिलं असतं. तोंड इतकं फटकळ की शेजारणी विस्तव मागायला यायच्या त्यासुद्धा उंबऱ्याबाहेर उभ्या राहून, आत यायची कुणाची छाती नव्हती. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्या मला बरा दिवस असला तर काशे म्हणायच्या, आणि नसला तर काय म्हणायच्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. १९४८च्या शिमग्यात त्या गेल्या. गावातल्या पुष्कळांना त्या आठवतात त्या त्यांच्या शिव्यांमुळे. मला मात्र त्यांचे उपकार आठवतात, आणि मी सापगावच्या शाळेत तिसरीपर्यंत शिकलेली आहे, तेव्हा ते मीच लिहून ठेवलेले बरे.

आमचं गाव टोकावड्याहून वर डोंगराच्या कुशीत. तिथे त्या बाराव्या वर्षी सून म्हणून आल्या आणि पंचविसाव्या वर्षी विधवा झाल्या. पदरात एकच मुलगा, अनंता, म्हणजे माझे मालक. भाताची दोन खाचरं, वर नाचणीचा तुकडा आणि दोन म्हशी. बाईने नांगराला हात लावायचा नाही ही आमच्याकडची रीत, म्हणून त्यांचा धाकटा भाऊ भिमा दर वर्षी मुरबाडजवळच्या माहेराहून चालत यायचा आणि बहिणीची खाचरं नांगरून द्यायचा. अनंता हाती येईपर्यंत तेरा वर्षं त्याने हे केलं. दिवाळीत तोच मुराळी म्हणून यायचा आणि बहिणीला चार दिवस माहेरी घेऊन जायचा. वर्षभरात आत्याबाईंची कंबर टेकायची ती तेवढे चार दिवस. कुठल्या लग्नाला त्या जायच्या नाहीत, जत्रेलाही नाही, पण दिवाळी जवळ आली की महिनाभर आधीपासून त्यांचं लुगडं धुऊन घडी घालून उतरंडीमागे ठेवलेलं असायचं.

रानातल्या जनावरांचं त्यांना कळायचं. कुठून शिकल्या देव जाणे. कुणाला रानात काही आजारी, पडलेलं, एकटं सापडलं की माणसं आधी त्यांच्याकडे यायची आणि शिव्या खाऊन शहाणी होऊन परत जायची. गावातला रामू एकदा पिंगळ्याचं पिल्लू टोपलीत घालून आला. "झाडाखाली पडलं होतं मावशे, वाचवलं." आत्याबाईंनी त्याला त्याच पावली परत पाठवलं, झाडावर चढवलं आणि ढोलीत पिल्लू ठेवूनच खाली उतरू दिलं. पाणवठ्याजवळ एक वानर तोंडाला फेस येऊन पडलं होतं, पोरंटोरं भोवती जमली होती. तिथे त्यांनी काठी आपटून सगळ्यांना लांब केलं आणि म्हणाल्या, "दुखणाईत जनावर चावतं. बघायचं त्ये लांबून बघा." त्यांचा कायदा एकच होता. आधी बघायचं, मग हात लावायचा. हा कायदा मी मोडला, आणि त्यातूनच पुढचं सगळं घडलं.

आता माझं सांगते. मी चार वर्षांची असताना पटकीच्या साथीत आई आणि बाप आठ दिवसांच्या अंतराने गेले. सापगावच्या नवशामामाने मला वाढवलं. मामा वाईट नव्हता. पण त्याची स्वतःची पाच होती आणि मी सहावी, तेव्हा ताटात जे पडेल ते खायचं आणि विचारलं नाही तर बोलायचं नाही, हे मला लवकर समजलं. १९३७च्या वैशाखात त्याने माझं लग्न लावून दिलं आणि हात झटकले. रागाने नव्हे हो. ओझं उतरवल्यावर माणूस मान मोकळी करतो ना, तसे.

पहिली दिवाळी आली. आमच्याकडे नव्या सुनेला पहिल्या दिवाळीला माहेरचा मुराळी न्यायला येतोच येतो. भाऊ येतो, भाऊ नसला तर चुलता, कुणीच नसलं तर शेजारचा एखादा म्हातारा. माझ्याबरोबर लग्न होऊन आलेली बाईजा शेजारच्याच घरात होती. तिचे दोघे भाऊ नारळ घेऊन आले, ती नवं लुगडं नेसून मिरवत गेली. मी सरपणाचं निमित्त करून खालच्या खाचराच्या बांधावर जाऊन बसायची. तिथून टोकावड्याकडून येणारी वाट दिसते. आत्याबाई माहेरी जाईपर्यंतचे तीन दिवस बसले. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवाळीलाही बसले. रिकामी घरी आले तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "सरपन कुठाय?" मी म्हणाले, "नाय मिळालं." भर रानात राहून सरपण नाही मिळालं! पण त्या दिवशी त्या पुढे काही बोलल्या नाहीत, आणि त्यांनी शिवी दिली नाही याचं मला मनातून नवल वाटलं.

त्यानंतरच्या फाल्गुनात आमची कवळतोड चालली होती. भाताची रोपं ज्या तुकड्यात पेरायची तो तुकडा आधी भाजावा लागतो, त्याला राब म्हणतात. त्यासाठी ऐनाच्या फांद्या, म्हणजे कवळ, तोडून, वाळवून, शेणापाल्याबरोबर रचून पेटवतात. फांद्या तोडायला माणसं लागतात, म्हणून आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे अशी सावड असते. त्या दिवशी सावड आमच्याकडे होती. सकाळपासून सहा कोयते चालले होते. पुरुष झाडांवर, बायका खाली भारे बांधत होत्या. आत्याबाईंच्या पायात काटा मोडला होता म्हणून त्या घरी होत्या.

मी भारा बांधायला वेल शोधत जरा लांब गेले. करवंदाच्या जाळीत काहीतरी तांबूस दिसलं. वाकून बघते तर भेकराचं पाडस. अंगावर पांढरे ठिपके, पाय माझ्या बोटाएवढे बारीक, मान जमिनीला चिकटवून पडलेलं. मी जवळ गेले तरी हललं नाही. डोळे मात्र टक्क उघडे. मी आजूबाजूला बघितलं. आई नाही. थोडा वेळ थांबले, तरी आई नाही. बाईजाला हाक मारली. ती म्हणाली, "सकाळपास्नं हितंच हावोत आपून, भेकर काय दिसलं नाय. मेली असंल." एवढं पुरे झालं. डोक्यावरची चुंबळ तिथेच टाकली, पाडस पदरात घेतलं आणि भारा न घेताच मी घराकडे धावत सुटले.

खरं सांगते, वाटेत मला रडू येत होतं, पण ते सुखाचं होतं. पदरातून त्याचं काळीज माझ्या पोटाला धडधडताना लागत होतं. मी त्याला म्हणत होते, भिऊ नको, मी आहे. त्याला काय पाजायचं, कुठे निजवायचं, सगळं माझं ठरून गेलं होतं. मला कुणी असं उचलून घेतलं नव्हतं. याला मी घेतलं, याचाच मला आनंद होता.

आत्याबाई ओटीवर पाय पसरून सुईने काटा काढत होत्या.

"काय गो, पदरात काय बांधलंस?"

"पाडस हाय, आत्याबाई. भेकराचं. आय नाय त्याला."

"कोनी सांगितलं?"

"मी बघलं ना. कुठंच नव्हती."

"किती वेळ बघलंस?"

मी पाडस पदरात आणखी झाकून घेतलं. एव्हाना माझ्यामागे बाईजा आली होती, मालक आले होते. मालक म्हणाले, "राहू दे आये, पाळू." आणि आत जाऊन वाटीत म्हशीचं दूध घेऊन आले. आत्याबाईंनी त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली. "म्हशीचं दूध पाजून मारतंस काय त्याला? पोट फुगंल." मग माझ्याकडे वळल्या. "सहा कोयते खनखनतात तितं. मानसं वराडतात. भेकर काय तुमच्या मांडीवर येऊन बसनार व्हती? ती लांब उभी राहून तुमची जायाची वाट बघतंय. पोराला लपवून ठेवलंन तिनं. तू चोरून आनलंस."

मी म्हणाले, "पण नसंल आली तर? मेली असंल तर?"

तेव्हा त्या बोलल्या ते वाक्य मला आजही तोंडपाठ आहे. "तुझी आय मेली म्हनून साऱ्यांच्या मेल्यात काय गो?"

मालकांनी खाली बघितलं. माझ्या तोंडावर कुणी थंड पाणी मारावं तसं झालं. मला त्यांचा इतका राग आला की त्या क्षणी पाडसाला घेऊन सापगावला निघून जावं असं वाटलं. पण सापगावला तरी माझी वाट कोण बघत होतं! म्हणून उभी राहिले.

आत्याबाई उठल्या. काटा अर्धाच निघाला होता, तशाच लंगडत उठल्या. पाडसावर पोतं झाकलं, म्हणाल्या, "डोळे झाक, उजेड नको, मानसं नकोत." मालकांना सांगितलं, "सगळ्यांना रानातनं खाली आन. आज कोयता बंद." बाईजा कुरकुरली की सावडीचा दिवस फुकट जाईल, आणि वर म्हणाली, "आता काय उपेग? मानसाचा वास लागला. आय घ्यायची नाय." आत्याबाई म्हणाल्या, "तू बाळातीन झालीस तवा सुईनीचा हात लागला व्हता पोराला. टाकलंस काय?" बाईजा घरात निघून गेली.

आम्ही दोघी वर चढलो. पाडस माझ्याकडेच होतं. वाटेत मी एकदाच विचारलं, "आणि खरंच नाय आली तर?"

आत्याबाई लंगडत चढत राहिल्या. मग म्हणाल्या, "अनंता ल्हान व्हता तवा एक पाडस व्हतं. त्याच्या आयला बिबट्यानं न्हेलं. मला ठावं नव्हतं. मी आख्खा दिस बघलं, दुसरा दिस बघलं. तिसऱ्या दिशी पोर ओरडायला लागलं. भुकेलं की पोर ओरडतं, आय असंल तर गप पडून ऱ्हातं. तवा उचललं. बकरीचं दूध कापसानं पाजलं. आनि मंग अर्ध्यावर टाकलं नाय. भात कापायला आलं तवा रानात ग्येलं आपल्या पायानं." थोड्या वेळाने त्यांनी जोडलं, "आधी उचलायचं नाय. पन उचललं तर मंग टाकायचं नाय."

रानात पोचलो. करवंदाच्या जाळ्या शेकडो, सगळ्या सारख्या. कुठली ती? मी इकडे धावते, तिकडे धावते. आत्याबाई म्हणाल्या, "जागा चुकलीस तर आय शोधत बसंल आनि पोर हितं मरंल." सूर्य डोंगराला टेकायला आला होता. पाडसाने आता डोळे मिटले होते, मान माझ्या हातावर लोंबत होती. मी मनात म्हणाले, मी याला मारलं. दुसऱ्याचं लेकरू होतं, मी माझं करायला गेले आणि मारलं.

तेवढ्यात चुंबळ दिसली. जुन्या लुगड्याची, निळ्या काठाची, माझीच. जाळीच्या तोंडाशी टाकली होती तशीच पडलेली. एवढ्या आनंदाने मी आयुष्यात कुठल्या चिंधीकडे बघितलं नाही.

आत्याबाईंनी जाळीखालची माती आणि पाला हातात चुरून पाडसाच्या अंगाला चोळला. मग त्याला आत, जसं होतं तसं, ठेवायला लावलं. आम्ही वरच्या बाजूला खडकाआड जाऊन बसलो. वारं जाळीकडून आमच्याकडे येत होतं, ते त्यांनी चिमूटभर माती उडवून आधी बघून घेतलं. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि बोट ओठांवर ठेवलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. एकदा पलीकडच्या उतारावर भुंकल्यासारखा आवाज आला. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. माझा जीव वर आला. पण आवाज लांब गेला, आणखी लांब गेला, आणि थांबला. मला वाटलं, संपलं. मी उठायला गेले तर आत्याबाईंनी मनगट असं आवळलं की माझी एक बांगडी फुटली. सवाशिणीची बांगडी फुटणं किती अशुभ! पण त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांची नजर जाळीवर.

उजेड तांबडा झाला तेव्हा ती आली. मला येताना दिसलीच नाही, एकदम तिथे उभी होती. पाय उचलून धरलेला, कान हलत होते. दोन पावलं पुढे, एक मागे. माझी चुंबळ हुंगली आणि उडी मारून मागे सरली. मी डोळे मिटले. मला बघवेना. आत्याबाईंनी कानाशी तोंड आणून म्हटलं, "बघ."

डोळे उघडले तर पाडस उभं होतं. ते बोटाएवढे पाय थरथरत होते, पण उभं होतं, आणि आई त्याला चाटत होती. पाठीवरून, मानेवरून, माती चोळली होती तिथून, मी धरलं होतं तिथून. मग ते पोटाखाली शिरलं आणि ढुशा देऊन प्यायला लागलं. शेपटी इवलीशी हलत होती. थोड्या वेळाने दोघं जाळीमागे गेली आणि मग तिथे नुसतं रान राहिलं.

मी रडले. मोठ्याने रडता येत नव्हतं म्हणून पदर तोंडात कोंबून रडले. "त्याची आय आली, आत्याबाई," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. पाडसासाठी मी खरोखर सुखावले होते. आणि आपल्यासाठी तसं कुणी येणार नाही, हे त्या खडकामागे मला पहिल्यांदा पक्कं कळलं. आत्याबाईंनी मला जवळबिवळ घेतलं नाही. त्यांच्या हातून ते व्हायचं नाही. रडणं संपेपर्यंत त्या पायातला उरलेला काटा काढत बसल्या, आणि संपल्यावर म्हणाल्या, "चल. म्हशी पिळायच्या ऱ्हायल्या."

पुढे राब भाजून झाला, रोपांची आवणी झाली, भात निसवलं, पिवळं पडलं. दिवाळी आली. या वेळी मी बांधावर गेले नाही. उतरंडीमागचं आत्याबाईंचं लुगडं मीच काढून उन्हात घातलं. त्यांचा भिमा येणार, त्या जाणार, मी घर सांभाळणार, असंच दर वर्षी होतं.

धनत्रयोदशीच्या सकाळी भिमामामा आले. गाडी खाली टोकावड्याला सोडून चढत आले होते, डोक्याला धुतलेलं पागोटं, हातात नारळ. मी पाय धुवायला पाणी दिलं, गूळ दिला. म्हणाले, "पोरी, तयार झालीस ना?"

मी म्हणाले, "मी नाय मामा, आत्याबाई. त्या आत हाईत."

"अक्काला न्यायला कोन आलंय? मी तुझा मुराळी. काशीला न्यायला आलोय."

मला वाटलं थट्टा करतायत. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या दारात उभ्या होत्या, हातात तेच लुगडं, मी वाळवून घडी घातलेलं. ते त्यांनी माझ्या अंगावर जवळजवळ फेकलंच.

"नेस. उशीर करू नको. माज्या आयनं तुज्यासाठी करंज्या केल्यात, त्या ती दुसऱ्या कोनाला द्यायची नाय. म्हातारी हेकट हाय."

"आणि तुमी?"

"दोघी ग्येल्या तर म्हशी कोन पिळंल? कापनी कोन बघंल? तुजा नवरा?"

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. चार दिवस. वर्षातले त्यांचे तेवढेच चार दिवस. मी लुगडं परत करायला गेले. म्हणाले, "नको आत्याबाई. माझं मामाचं घर हाय. कधीतरी येतील." खोटं होतं ते, आणि आम्हा दोघींना ठाऊक होतं.

आत्याबाईंनी माझा हात बाजूला केला. आवाज तसाच, भांडायला उठल्यासारखा. "दोन दिवाळ्या बांधावर बसलीस. मी गोठ्यातनं बघत व्हते. म्हटलं, येतील. तिचं मानूस हाय, त्येंच्या आधी आपून हात घालू नये. पयल्या सालाला बघलं, दुसऱ्या सालाला बघलं. नाय आलं कोनी." त्यांनी लुगडं पुन्हा माझ्या हातात कोंबलं. "मंग उचलली."

मी त्यांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "उठ, भिमाला ऊन लागंल." मी लुगडं नेसले. ते मला आखूड होतं.

त्या दिवाळीपासून नऊ वर्षं दर साली भिमामामा नारळ घेऊन आले, आणि दर वेळी मीच गेले. मला दोन मुली झाल्या, त्याही बरोबर गेल्या. आत्याबाई त्यानंतर एकदाच माहेरी गेल्या, त्यांच्या आईच्या दहाव्याला.

त्या पहिल्या वेळी आम्ही उतरून खाचरांपाशी आलो तेव्हा मी मागे वळून बघितलं. खालच्या बांधावर, मी बसायची त्याच जागी, त्या येऊन बसल्या होत्या. मी हात केला. त्यांनी काही हात केला नाही. वाट वळेपर्यंत बघत राहिल्या.